पोल्ट्रीतलं थेटर

आमच्या पी.टी.च्या सरांना शांततेचं व्यसन होतं. कुणाला तंबाखूचं असतं, कुणाला सोसायटीच्या निवडणुकीचं, तसं यांना शांततेचं. आणि नशिबाची थट्टा अशी, की एकतीस वर्षं नोकरी केली ती आठशे पोरांच्या हायस्कुलात. रोज सकाळी परिपाठाला ते ओट्यावर उभे राहायचे, शिट्टी फुंकायचे, सगळं मैदान गप्प व्हायचं, आणि सर कान देऊन नुसते उभे. मला वाटायचं, कोण खोकतंय, कोण कुजबुजतंय ते टिपतायत. पोरांनाही तसंच वाटायचं, म्हणून पोरं भिऊन आणखी गप्प. मग सरांचा चेहरा पडायचा, ते स्वतःशीच "ही न्हवं" असं पुटपुटायचे आणि प्रार्थना सुरू व्हायची. काय "ही न्हवं", ते विचारायची माझी छाती नव्हती. मी नवी होते, आणि सरांना अख्खी शाळा टरकून होती, हेडमास्तरांसकट.

शाळा इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडं. मी बारामतीहून जायचे. भिगवणपर्यंत एसटी आणि पुढं वडापच्या जीपमध्ये मांडीवर पर्स आणि पर्सवर दुसऱ्या कुणाचं तरी पोर घेऊन. माहेर माझं वडगाव निंबाळकर, म्हणजे मीही उसातलीच. पण बी.एड.ला पुण्यात असताना मी एकदा भर वर्गात "न्हाय" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी हाय-न्हाय गिळलं ते गिळलंच. इतकी शुद्ध बोलायला लागले, की आई म्हणायची, तुझा फोन आला की मला बँकेतनं फोन आल्यागत वाटतं.

सरांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. कॅनव्हासचे बूट रोज खडूनं पांढरे करायचे. जिना चढताना पायऱ्या मोजायचे, आणि मध्येच कुणी हाक मारली तर खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून चढायचे. चहा उभ्यानंच. बसून चहा पिणारा माणूस दुपारी झोपतो, असं त्यांचं मत होतं आणि त्याला आधार काय ते विचारायचं नसायचं. स्टाफरूममध्ये फिरकायचे नाहीत. तिथं आवाज फार आणि अर्थ थोडा, म्हणायचे. ते खरंच होतं, कारण आम्ही तिथं एकाच बदलीवर आठ महिने बोलत होतो. सरांचा डबा मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, भिंतीकडं तोंड करून. निवृत्त झाले तेव्हा शाल झाली, नारळ झाला, हेडमास्तर पाऊण तास बोलले. शेवटी सर उठले. "एकतीस वर्षं दुसऱ्याला गप बसवलं, आता मी बसतो," म्हणाले, आणि बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी एका शुक्रवारी ते शाळेच्या फाटकात उभे. मला बोलावलं आणि हातात घडी घातलेला कागद दिला. क्रीडादिनाच्या कार्यक्रमपत्रिकेसारख्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: रविवार, दुपारी ठीक तीन. स्वतंत्र चित्रपटगृह, पोल्ट्री शेड, आमच्या वस्तीवर. पिक्चर परदेशी. खाली इंग्रजी अक्षरे येतील ती मराठीत वाचून दाखवणे. पाणी पिऊन येणे.

मी विचारलं, पिक्चर कुठला? सर म्हणाले, त्यांनाही ठाऊक नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात सिनेमाच्या एडिटिंगचं काम करायचा, तो पेनड्राइव्हवर पिक्चर पाठवायचा. आधी एकट्यानं बघितला तर सगळ्यांबरोबर बघायला काय उरणार, हा त्यांचा सवाल. एकट्यानं बघायचं ते स्वप्न, पिक्चर नव्हे, असंही वर म्हणाले.

मी गेले. खरं कारण सांगायचं तर मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते, बिनलग्नाची, आणि रविवारी आमच्या घरी कुणी ना कुणी स्थळ घेऊन यायचं. दुपारी तीन ही वेळ त्या दृष्टीनं फार सोयीची होती. दुसरं कारण जरा लाजेचं आहे. पुण्यात असताना मी रोज अशा एका थेटरावरून जायचे. तिथं लागणारे पिक्चर बाकी कुठं लागायचे नाहीत. बाहेर झोळ्या लटकवलेली माणसं उभी असायची आणि ती ज्या आवाजात बोलायची तो ऐकूनच माझे पाय पुढं पळायचे. वर्षभरात एकदाही आत गेले नाही. कुणी काही विचारलं आणि तोंडातून "न्हाय" निघालं तर?

तर आयुष्यातलं असलं पहिलं थेटर मी पाहिलं ते उसाच्या दोन फडांच्या मधून चालत जाऊन. सरांच्या वस्तीमागं लांबलचक शेड. कोंबड्यांचा धंदा एका साथीत बसला आणि शेड रिकामं पडलं होतं. बाजूच्या जाळ्यांना सरांनी आतून बारदान शिवून लावलं होतं, पत्र्यावर उसाचं पाचट पसरलं होतं, आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र रंगवली होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बारामतीच्या एका दुकानदाराचा जुना प्रोजेक्टर, शाळेनं भंगारात काढलेले बाक, आणि बाकांवर न मावणाऱ्यांसाठी खाली पोती. दारावर पाटी होती: स्वतंत्र चित्रपटगृह. गाणी नाहीत. मारामारी नाही. समजलं नाही तरी चालेल. बोललेलं चालणार नाही.

स्वतंत्र म्हणजे कशापासून, असं मी विचारलं. "मेव्हण्यापासनं," सर म्हणाले. "शेड माझ्या नावावर हाय."

दारात काकू उभ्या होत्या, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. त्यांच्या हातात अंड्यांचे ट्रे. आत जाणाऱ्यानं आपला मोबाईल बंद करून ट्रेच्या खळग्यात उभा करायचा, एवढंच तिकीट. तीसेक माणसं आली होती, बहुतेक शेजारपाजारच्या वस्त्यांवरची. त्यांत तात्या होते, सरांचे लहानपणापासूनचे दोस्त, ऊसवाले, साठीच्या पुढचे. सगळे आत आल्यावर सरांनी शिट्टी फुंकली, सगळ्यांना उभं केलं आणि मान डावीकडं, मान उजवीकडं, खांदे वर, खांदे खाली असा व्यायाम घेतला. दीड तास एका जागी बसायचं म्हणजे ताकदीचं काम आहे, अंग मोकळं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मीही साडीचा पदर खोचून माना हलवल्या. करते काय?

एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली नाही. पडद्याच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, एक तांबडा दिवा टांगलेला होता, विझलेला. तात्यांनी समजावलं. आमच्या भागात घरची लाईट वेगळी आणि शेतीच्या मोटारींची लाईट वेगळी. मोटारींची थ्री फेज येते ती ठरावीक तासांपुरतीच, आणि आली की पळत जाऊन पाणी धरायचं, एका सरीचं दार मोडून दुसरीचं उघडायचं, नाहीतर एकीकडं तळं आणि दुसरीकडं कोरडं. मोबाईल तर ट्रेमध्ये बंद, मग आत बसलेल्याला लाईट आल्याचं कळणार कसं? म्हणून सरांनी मोटारीच्या पेटीवरून वायर ओढून हा दिवा लावला होता. शहरात लाईट गेली की पिक्चर बंद पडतो. आमच्या थेटरात लाईट आली की बंद पडायचा.

त्या दिवशीचा पिक्चर एका गायीचा होता. कुठल्यातरी डोंगराळ मुलखातला एक माणूस गाय विकायला घाटापलीकडं निघालेला, आणि गाय पुढं पाऊल टाकेना. दहा मिनिटं तो तिला ओढतोय. मी अक्षरं वाचत होते: "चल, प्रिये, मार्ग अद्याप दूर आहे." मागून तात्या म्हणाले, "बाई, गाईला असं कोण बोलतं?" शेड हसलं. सरांनी शिट्टी मारली. मी लाल झाले. पुढचं वाक्य आलं आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून वडगावच्या आमच्या गोठ्यातलं निघालं, "चल गं बया, किती छळतीस." कुणी हसलं नाही. सगळे पुढं बघायला लागले. तेवढ्यात काकू ट्रे ठेवायला आत आल्या, दाराशी उभ्या राहून क्षणभर पडद्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "गाभण हाय ती. नववा लागलाय. चालायची न्हाय." आणि निघून गेल्या. झालं. पिक्चरवाल्यांनी शेवटापर्यंत झाकून ठेवलेलं गुपित पंधराव्या मिनिटाला फुटलं. सर आठ दिवस काकूंशी बोलले नाहीत, असं मला नंतर कळलं.

शेवटाला अजून वीस मिनिटं होती तेव्हा तांबडा दिवा लागला. अर्धं शेड उठलं आणि चपला शोधत बाहेर. उरलेल्यांनी वासराचा जन्म बघितला, टाळ्या वाजवल्या आणि दूध काढायची वेळ झाली म्हणून तेही गेले. सर भिंतीपाशी उभे होते, कान देऊन. परिपाठाला उभे राहायचे तसेच.

त्या दिवशी चहा पिताना मी धीर करून विचारलं. सर उभ्यानंच सांगत होते. पुण्यात व्यायामाची पदवी करत असताना मोठी शर्यत पळून ते दमले होते, पाय भरून आले होते. खोलीतल्या सोबत्यानं एका फिल्म क्लबचा पास दिला. आत पंखा आहे, झोपून घे म्हणाला. पिक्चरची भाषा कळली नाही, खालची अक्षरंही वाचता आली नाहीत, बराच वेळ डोळाही लागला होता. पण शेवटी जाग आली तेव्हा पिक्चर संपला होता आणि कुणी उठत नव्हतं.

"दोनशे माणूस, मॅडम," सर म्हणाले. "शिट्टी न्हाय, छडी न्हाय. कुणी सांगितलं न्हाय, तरी गप. मी घाबरलो, म्हटलं काय झालं. मग माझ्याबी अंगावर आली ती. तसली शांतता मी परत ऐकली न्हाय. मी करतो ती भीतीची. ती वेगळी."

म्हणजे माणूस एकतीस वर्षं शिट्टी फुंकून फुंकून ती एक शांतता शोधत होता, आणि रोज "ही न्हवं" म्हणत होता. आता त्यासाठी त्यानं थेटर काढलं होतं. एकदा, फक्त एकदा, सगळं शेड शेवटपर्यंत बसावं, पिक्चर संपावा आणि कुणीही न सांगता सगळे गप्प राहावेत. बाकी त्यांना काही नको होतं. मला आधी हसू आलं. मी चहा संपवला आणि पुढच्या रविवारीही येते म्हणाले.

पुढची चार वर्षं मी जवळजवळ प्रत्येक रविवारी गेले. आज बारामतीत घरी रविवार दुपार आली की मी कपाट आवरते, भाजी निवडते, टीव्ही लावते आणि बंद करते. ते शेड आठवलं की जीव कासावीस होतो, खोटं कशाला बोलू. किती झाडलं तरी पत्र्याच्या सांदीत कोंबड्यांची पिसं राहिलेली. प्रोजेक्टरच्या उजेडातून एखादं पीस तरंगत खाली यायचं आणि बर्फाच्या मुलखात त्याची पाखराएवढी सावली पडायची. गरम पत्रा, पाचटाचा वास, आणि मी एकटी सगळ्यांच्या तोंडचं बोलतेय. राणीचं, चोराचं, पाद्र्याचं, सगळ्यांचं वडगावच्या बोलीत. तात्या एकदा म्हणाले, तिकडची मानसं बी आपल्यासारखंच बोलत्यात की. मी माझं गिळलेलं सगळं त्या शेडात परत बोलून घेतलं.

पण शांतता काही आली नाही. कधी दिवा लागायचा, कधी दुधाची गाडी यायची, कधी पिक्चर संपताक्षणी कुणीतरी "आता ह्याचं पुढं काय?" म्हणायचा आणि सगळे एकदम बोलायला लागायचे. सर प्रत्येक वेळी शेवटाच्या सुमारास पडद्याकडं पाठ करून लोकांकडं तोंड करून उभे राहायचे. मी म्हणायचे, सर, तुम्ही असे राखणीला उभे राहिल्यावर कोण गप्प बसेल? ते मागं जाऊन दारात उभे राहायला लागले. तरीही नाही. चिडायचे, पण लोकांवर नाही. लाईटवर चिडायचे, दुधावर चिडायचे, एकदा तर भिंतीवरच्या पालीवर चिडले.

मग तो उन्हाळा आला. गावाच्या मोटारी ज्या धरणाच्या काठावर, त्याचं पाणी असं मागं हटलं, की बुडालेलं जुनं देऊळ पायथ्यापासून उघडं पडलं. लोक रोज मोटारी उचलून पाण्यामागं पुढं पुढं नेत होते, पाइपाला पाइप जोडत होते, आणि मोटारींची लाईट तोडत तोडत चार तासांवर आली होती. तीही कधी येईल त्याचा नेम नाही. तात्यांचा तीन एकर ऊस करपायला आला होता. अशा दिवसांत पिक्चरला कोण येणार? पण त्या रविवारी शेड गच्च भरलं. पोती पुरली नाहीत, माणसं उभी होती. माझ्या मनात आलं, काय ही माणसं, एवढ्या हालात पिक्चर बघायला आली.

पिक्चर एका बेटावरच्या म्हातारीचा होता. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला गेलेला. बेटावर फोन एकच, दुकानात. मुलानं सांगितलं होतं, फोन करीन. म्हातारी रोज सकाळी दुकानात येऊन फोनशेजारच्या खुर्चीत बसते, संध्याकाळी उठून जाते. फोनची तार वादळात तुटलेली आहे आणि फोन कधीचा मुका झालाय, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक, फक्त म्हातारीला कुणी सांगत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून दुकानदार अधूनमधून फोन उचलून खोटंखोटं बोलतो. असे दिवस जातात, ऋतू जातात. शेवटी मोठ्या गावाहून तारेचा माणूस येतो, शिडी लावतो आणि खांबावर चढायला लागतो.

आणि दिवा लागला.

तांबडा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला. मी वाचायची थांबले. कुणी हललं नाही. तात्या समोर बघत होते, गुडघ्यांवर हात घट्ट धरून. सगळं शेड तसंच बसून राहिलं. दहा मिनिटं उरली होती. मला वाटलं, आज होणार. सरांची शांतता आज येणार. मी पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडलं आणि दारातून शिट्टी वाजली. मैदानावर वाजायची तशी, लांब.

"उठा. लाईट आली."

तात्या वळून म्हणाले, "मास्तर, दहा मिन्टं ऱ्हायली आसतील. बसतो की."

"ऊस दहा मिन्टं बसंल का?" सर म्हणाले. "उठा म्हनतो न्हवं."

लोक उठले. एकमेकांना ढकलत, चपला पायात अडकवत बाहेर पडले. पिक्चर चालूच होता. मी एकटीच बाकावर बसून शेवटपर्यंत बघितला, मनात वाचत. सर दारात होते. संपल्यावर मी त्यांच्यापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. मी म्हणाले, चार वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते हातात आलं होतं, आणि तुम्हीच शिट्टी मारली?

सरांनी हातातली शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाले, "ह्यांनी सांगितलं हुतं सगळ्यास्नी," आणि काकूंकडं मान केली. "ह्या येळंला काय बी हुंद्या, मास्तरासाठी बसा म्हनून. ती मानसं माझ्यासाठी बसली हुती, मॅडम. पिक्चरसाठी न्हवं. तात्याचा ऊस जळतोय न् त्यो माझं तोंड राखतोय. असली शांतता काय करायची? ही बी भीतीचीच की. माझं मन मोडंल ह्याची."

काकू पदरानं डोळे पुसत आत गेल्या. बाहेर एकामागून एक मोटारी चालू झाल्याचा आवाज येत होता.

लोकांनी नंतर मला वाटेत, वडापमध्ये, बाजारात गाठून विचारलं, बाई, म्हातारीचं काय झालं? सरांची ताकीद होती, सांगायचं नाही. सांगून पिक्चर संपवायचा नसतो. मग दाखवा म्हणाले, तर तेही नाही. ज्या खेळाला शेवटची शिट्टी झाली तो खेळ परत खेळायचा नसतो, हा नियम. नियम सरांचाच, त्यामुळं त्यावर अपील नाही. पुढं वळवाच्या वाऱ्यात शेडचे निम्मे पत्रे उडाले, प्रोजेक्टर भिजला, आणि सरांना चालताना धाप लागायला लागली. माझी बदली बारामतीला झाली. थेटर संपलं.

सर गेले त्याला आता वर्ष होईल. जायच्या पाच-सहा दिवस आधी काकूंचा फोन आला, की बारामतीतच ॲडमिट केलंय, छातीत पाणी झालंय म्हणतात. मी शाळा सुटल्यावर गेले. जनरल वॉर्ड, बारा खाटा, आणि प्रत्येक खाटेशी तीन-तीन माणसं. डबे उघडतायत, पोरं रडतायत, कुणी मोबाईलवर मोठ्यानं व्हिडिओ बघतंय, कुणी सलाइन संपल्याची आरोळी देतंय. या माणसाला शेवटी कुठं आणून टाकलं, असं वाटून मला फार वाईट वाटलं. सर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला बघून वळले. खूप वाळले होते. तब्येतीचं मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं.

"मॅडम, त्या म्हातारीचं काय झालं?"

मला आधी कळेचना. "कुठल्या?"

"फोनवाली."

मी म्हणाले, सर, तुम्ही होतात की तिथं. ते म्हणाले, दारात होतो, पण तोंड बाहेर होतं. तात्या उसाकडं पळत होता, त्याची चप्पल सुटली, ती उचलायला तो थांबेना, ते बघत होतो. म्हणजे त्या पिक्चरचा शेवट सगळ्या पंचक्रोशीत मी एकटीनंच बघितला होता. मी त्यांना त्यांच्याच ताकिदीची आठवण करून दिली.

"शिट्टी माझी, नियम माझा," सर म्हणाले. "सांगा. आता थेटरात जायचं काय जमायचं न्हाय."

मी त्यांच्या कानाशी वाकून हळू आवाजात सुरुवात केली. तारेचा माणूस खांबावर चढतो, इथपासून. शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्याची सून डब्याच्या झाकणात आमटी ओतत होती. ती म्हणाली, "कोन म्हातारी वं ताई?" मग तिला कळावं म्हणून मी मागं गेले, बेट, मुलगा, दुकान, मुका फोन. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं सांगा की जरा. माझा आवाज आपोआप शेडातला झाला. मी म्हातारीचं म्हातारीगत बोलले, दुकानदाराचं दुकानदारागत. खाटेखाली लोळणारं पोर आईच्या मांडीत येऊन बसलं. व्हिडिओ बघणाऱ्यानं मोबाईल उलटा करून ठेवला. तिथं प्रत्येकजण कुणाच्या ना कुणाच्या फोनची वाट बघत बसलेला होता, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

मी सांगितलं, की तारेचा माणूस तार जोडतो, शिडी खाली घेतो, निघून जातो. दुकानात सगळं गाव जमलेलं. आणि फोन वाजतो. खरा. पहिल्यांदा. दुकानदाराच्या हातातलं माप खाली पडतं. सगळे म्हातारीकडं बघतात. म्हातारी फोनकडं बघते. हात पुढं करत नाही. फोन वाजतोय, वाजतोय. दुकानदाराला राहवत नाही, तो म्हणतो, आजे, उचल की, बंद पडंल. म्हातारी डोळे मिटते. म्हणते, "वाजू दे. लई दिसानं वाजतोय." आणि पडदा काळा होतो. काळ्या पडद्यावर फोन वाजत राहतो, बराच वेळ. मग थांबतो.

मी थांबले.

कुणी काही बोललं नाही. सुनेच्या हातात झाकण तसंच होतं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस छताकडं बघत होता. बाहेरून एक गाडी खडखडत गेली आणि तिचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू आला. सरांनी डोळे मिटले होते.

इंजेक्शनचा ट्रे घेऊन सिस्टर दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. दवाखान्यात एवढी शांतता कशानं होते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घाईघाईनं एकेका खाटेवर नजर टाकली आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "काय झालं?"

मी सांगायला तोंड उघडलं. सरांनी डोळे न उघडता चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट दाबून धरला. सिस्टरना कुणीच उत्तर दिलं नाही.